शेपटाकडची कितेरीमाय

आमच्या दांडेवाड्यात कुणी कुणाचं वय विचारत नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, तिच्या दोरावर माणूस कुठे उभं राहतं, तेवढं बघतात. अंगात रग आहे ती पोरं सगळ्यात पुढे, कंबरभर पाण्यात. लग्न होऊन पोट सुटलं की माणूस मागे सरकून ओल्या वाळूवर येतं. गुडघे बोलायला लागले की कोरड्या वाळूवर. आणि सगळ्यात शेवटी, माडांच्या सावलीला, ओढून झालेला दोर जिथे येऊन पडतो आणि कुणीतरी बसून त्याची गुंडाळी करायची असते, ते शेपूट. शेपटाकडे बसायला मिळणं ही आमच्या गावची पेन्शन. फरक एवढाच, की ती मासळीत मिळते आणि घ्यायला रोज कामावर यावं लागतं.

कायदा साधा आहे. जाळं वाळूला लागेल तेव्हा ज्याचा हात दोराला, त्याला वाटा. पुढच्याला मोठा, शेपटाकडच्याला लहान, पण वाटा. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, म्हणून अजून कुणी मोडलेला नाही.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. इथल्या बर्फाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून दोनचार वर्षांसाठी गोव्यातल्या सासष्टीत आलो आणि बर्फासारखाच इथे जिरून गेलो. गाव मला बर्फबाब म्हणतं. माझं खरं नाव ठाऊक असलेली मंडळी आता बहुतेक सिमेतीरीत, चर्चमागच्या दफनभूमीत, पडली आहेत, आणि तीही सांगणार नाहीत. मी भाड्याने राहतो ती खोली कितेरीमायच्या घराला लागून. मधली भिंत एवढी पातळ, की तिने तपकीर ओढली तर मी शिंकतो.

बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीने तिचं नाव क्वितेरिया ठेवलं होतं. ते धड उच्चारायला तोंडात पुढचे दात लागतात. तिच्या बरोबरीच्या माणसांकडे ते राहिले नाहीत, म्हणून कितेरी, आणि पुढे वयाने माय. ऐंशी कधीच ओलांडलेली. घोट्यापर्यंत निळा झगा, त्याला दोन खिसे. एकात जपमाळ, दुसऱ्यात तपकिरीची डबी. एकदा चर्चमध्ये ऐन मिस्साच्या वेळी तिचा हात चुकीच्या खिशात गेला आणि जी शिंक आली, तिने वेदीवरची एक मेणबत्ती विझली असं लोक सांगतात. ती म्हणते, वारा होता.

नवरा इनास रापणकारच होता. तो गेला, एकुलता मुलगा रोमाल्द इंग्लंडला गेला, आणि ती दोराला धरून राहिली. शब्दशः. पोरवयात ती पाण्यात उभी राहून दोर ओढायची, तेव्हा बायकांनी पाण्यात उतरण्यावर गाव कुजबुजलं होतं. तिने कुजबुजणाऱ्या एकेकाला नावाने हाक मारून विचारलं, "तुझा वाटा मी खाते काय रे?" तेव्हापासून कुजबुज बंद. मग एकेक पाऊल मागे सरकत ती शेपटाला येऊन पोचली. तिची दोराची गुंडाळी बघावी. देवळात रांगोळी घालतात तशी गोल, एकावर एक, कुठे गाठ नाही की पीळ नाही. त्या गुंडाळीवर कुणी चुकून पाय ठेवला तर त्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार व्हायचा, आणि तिला तिन्ही पिढ्या माहीत होत्या.

समोरच्या घरात जुआकिनी. कितेरीमायपेक्षा थोडी लहान, आवाजाने मोठी. दोघींच्या घरांच्या मधोमध एक नीरफणसाचं झाड आहे. त्याचा बुंधा एकीच्या हद्दीत आणि फांद्या दुसरीच्या. यावरून दोघींचं जे भांडण लागलं, ते माझ्या येण्याच्या आधीपासून चालू आहे. एक नीरफणस पडला की दोघी अंगणात येतात, आणि बोलाचाली संपेपर्यंत डुक्कर तो खाऊन गेलेला असतो.

आता त्या सकाळची गोष्ट. पाऊस संपून रापणी नुकत्या सुरू झाल्या होत्या. त्या दिवशी जाळ्याला बांगडा असा लागला, की ओढणाऱ्यांच्या दंडाच्या शिरा वर आल्या. रापणीचा पुढारी कायतान. चर्चची घंटाही तोच वाजवतो. वाटे घालायला बसला की तो माणसांकडे बघत नाही. ओठातल्या ओठात नावं पुटपुटतो आणि वाळूवर एकेक ढीग घालत जातो. वर्षानुवर्षं तीच नावं, त्याच क्रमाने. मिस्साची प्रार्थना म्हणताना तो एखादा शब्द गाळील, पण वाट्यात कधी चुकला नव्हता.

त्या दिवशी सगळ्यांनी आपापले ढीग उचलले आणि एक उरला.

"हा कुणाचा?" मेनिनने विचारलं. मेनिन म्हणजे रापणीतला तरणा गडी, काटेकोर, थोडा खवट. 

"कितेरीमायचा," कायतान म्हणाला.

"पण ती आहे कुठे?"

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. माडाखाली कुणी नव्हतं. ओढलेला दोर आतड्यासारखा वेडावाकडा पडला होता. बांगड्याच्या नादात ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. कायतान आपल्या हाताकडे बघत बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो मोजणीत चुकला होता.

जुआकिनी टोपली घेऊन तिथेच उभी होती. "कावळ्यांना बांगडे घालते काय ही? राणी लागून गेली," असं म्हणत ती तरातरा निघाली, चार शब्द सुनवायला. कितेरीमाय तिला घरामागच्या विहिरीपाशी सापडली. शेवाळावर पाय सरकून पडली होती, पहाटेपासून. खुबा मोडला होता. हाका मारून आवाज बसला होता. मी पातळ भिंतीपलीकडे असतो, पण कारखान्यात माझी पहाटपाळी होती.

जुआकिनीला बघून तिने पहिला प्रश्न विचारला तो हा: "जाळ्याला काय लागलं?"

"बांगडा. तुझा वाटा पडलाय तिथे. कावळे टोचतायत."

"मग इथे माझं तोंड काय बघतेस? जा, कावळे हाकल."

जुआकिनी आधी कावळे हाकलून आली आणि मग तिने माणसांना बोलावलं, असं गाव म्हणतं. जुआकिनी म्हणते, खोटं. दोन्ही कामं एकाच दमात ओरडून झाली, एवढंच खरं.

मडगावच्या इस्पितळात तिच्या खुब्यात लोखंड घातलं. घरी परतली ती आधाराने चालायची चार पायांची चौकट घेऊन. आणि पाठोपाठ इंग्लंडहून रोमाल्द आला.

रोमाल्द वाईट मुलगा असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. तो तसा नाही. तिथे एका मोठ्या गोदामात खोकी हलवतो, रोज आईला फोन करतो, आणि फोन लागला नाही तर मला करतो. त्याने येतानाच सगळं ठरवून आणलं होतं. मडगावच्या पलीकडे मदर लोकांचं आसिल आहे, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा आश्रम. स्वच्छ खोली, भिंतीला धरायला कठडे, बोलावलं की नर्स. घराला कुलूप घालायचं आणि मायला तिथे पोचवूनच विमानात बसायचं.

सोप्यावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, कॉफी पिता पिता त्याने हे सांगितलं. मी खाली पायरीवर होतो. उठून जावं की बसावं, हे कळेना. "बस रे बर्फबाब," कितेरीमाय म्हणाली. "भिंतीतून ऐकणारच आहेस, समोर बसून ऐक."

"जागा छान आहे, माय. मी बघून आलो," रोमाल्द म्हणाला.

"किती बायका आहेत तिथे?"

"असतील चाळीस."

"आणि जेवायला ताटं किती मांडतात?"

"चाळीसच. आणखी किती मांडणार?"

"तेच म्हणते मी. तिथे कुणी चुकत नाही. ज्या दिवशी मी नसेन, त्या दिवशी ते एक ताट बरोब्बर कमी मांडतील. इथे कायतान चुकला, पुता, म्हणून मी तुझ्यासमोर कॉफी पितेय."

रोमाल्दने कपाळाला हात लावला. "एकदा चुकला. रोज चुकेल? आता त्याला ठाऊक आहे तू शेपटाला येत नाहीस. उद्यापासून तोही बरोबरच मोजील."

हे मात्र खरं होतं, आणि तिला लागलं. कॉफीचा पेला तिने खाली ठेवला तो जरा जास्त जोरात.

दुसऱ्या सकाळी कुणाला न सांगता ती चौकट घेऊन समुद्रावर निघाली. अंगण पार केलं, वाट पार केली, आणि वाळू लागली तशी चौकट रुतली. पुढे जाईना, मागे येईना. ती तिथेच उभी राहून वाळूला शिव्या घालत होती. मी आणि जुआकिनीने दोन्ही बाजूंनी धरून तिला परत आणलं.

"ही चौकट कुणा डोंगरातल्या माणसाने केलीय," ती म्हणाली.

"तू घरी बस ना गो. मासळी काय मिळणार नाही तुला?" जुआकिनी म्हणाली.

"मिळेल. मांजरालाही मिळते."

मासळी मिळत होतीच. संध्याकाळी मेनिन पिशवी भरून बांगडे घेऊन आला. सायकल भिंतीला टेकवली, पिशवी सोप्यावर ठेवली.

"हे काय?" कितेरीमायने विचारलं.

"बांगडे. तुझ्यासाठी."

"वाटा?"

मेनिन काटेकोर माणूस. त्याला खोटं बोलता येत नाही. "वाटा नाही, माय. दोराला हात नाही तर वाटा कसा? असेच. प्रेमाने."

तिने चौकटीला धरून स्वतःला उभं केलं, पिशवी उचलली आणि त्याच्या सायकलच्या हँडलला अडकवली. "प्रेम घरी बायकोला दे. परवा ती विहिरीवर तक्रार करत होती."

मेनिन लाल होऊन गेला. त्या रात्री तिने जुन्या सुक्या बांगड्याचं लोणचं आणि पेज खाल्ली. रोमाल्दने फिश-करीचा विषय काढला नाही.

तो तिढा असा दोनचार दिवस चालला. पाद्री समजावून गेला. रोमाल्द कधी चिडला, कधी विनवण्या केल्या. शेवटी एका दुपारी तो थकून म्हणाला, "ठीक आहे. मी जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, दोराला हात लावून वाटा घेऊन दाखव. भीक नाही, प्रेमाने नाही, वाटा. दाखवलास तर आसिलचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर मुकाट्याने गाडीत बसायचं."

आईने वाळूतली चौकट आठवून आपणच हार मानावी, असा त्याचा हिशेब. तिने चिमूटभर तपकीर ओढली. भिंतीपलीकडे मी शिंकलो.

"बर्फबाब साक्षीला आहे," ती म्हणाली. "ठरलं."

त्यानंतर ती सोप्यावर खुर्ची टाकून नुसती समुद्राकडे बघत बसली. घरासमोर वाट, वाटेपलीकडे वाळूचा उंचवटा, त्यापलीकडे माड, मग रापण. बघून बघून तिने काय बघितलं कुणास ठाऊक, पण तिसऱ्या प्रहरी मला हाक मारली. "कायतानला बोलाव. म्हणावं, घंटा वाजवून झाली की ये."

कायतान आला. मोजणीत चुकल्यापासून तो तिच्यासमोर यायला बिचकत होता. टोपी हातात घेऊन पायरीवर बसला.

"कायतान, रापणीचा कायदा काय?"

"ज्याचा हात दोराला, त्याला वाटा."

"कुठे उभं राहून?"

कायतानने टोपी मांडीवर ठेवली. डोकं खाजवलं. आमच्याकडे जुन्या गोष्टींबद्दल सगळ्यांत मोठा पुरावा म्हणजे, असं कधी झालं नाही. पण झालं नाही म्हणजे चालत नाही, असंही कुणी म्हटलेलं नव्हतं.

"ते कुणी सांगून ठेवलेलं नाही," तो म्हणाला.

"मग मी वाळूवर येऊ शकत नाही, तर दोर माझ्याकडे आण. गुंडाळायला मला हात लागतात. पाय कशाला हवेत?"

"दोर पुरणार नाही, माय."

"तू पुढारी आहेस की कोण आहेस? पुरव."

गावात एखादी गोष्ट मागायला गेलं की ती कुणाकडेच नसते. पण कितेरीमायने मुलाशी पैज लावली आहे म्हटल्यावर लोकांच्या घरातून जे दोर निघाले, ते बघून मी थक्क झालो. कुणी गुराचं दावं आणलं. कुणी कपडे वाळत घालायची दोरी काढून आणली, तिला चिमटे तसेच. माडावर चढणाऱ्याने आपला काथ्या दिला. जुआकिनी आपल्या विहिरीचा पोहरा सोडून दोर घेऊन आली आणि तो अंगणात आपटून म्हणाली, "काम झालं की परत पाहिजे. आणि यंदाचे नीरफणस माझे."

"अर्धे," कितेरीमाय म्हणाली.

"दोर घेऊन जाते."

"बरं. तुझे. त्यात किडे पडोत."

तरीही थोडा कमी पडत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे कायतान एक जाडजूड, गुळगुळीत झालेला दोर खांद्यावर टाकून आला आणि त्याने तो बाकीच्याला बांधला. सगळ्या गाठी झाल्या. टोक कितेरीमायच्या सोप्याच्या खांबाला एक वेढा घालून तिच्या हातात दिलं. ती खुर्चीवर ताठ बसली होती, निळा झगा इस्त्री केलेला, जणू लग्नाला चालली आहे.

होडी जाळं सोडत आत गेली आणि वळून परत आली. ओढायला सुरुवात झाली. तेवढ्यात पाद्री सपाता फटफटवत वाटेने आला.

"कायतान, घंटेचा दोर कुठे आहे? सकाळची घंटा नाही. अर्धं गाव झोपलंय."

कायतानने हनुवटीने खांबाकडे दाखवलं. पाद्रीने दोराकडे बघितलं, गाठींकडे बघितलं, कितेरीमायकडे बघितलं. ती खिशात हात घालून जपमाळ शोधत होती, निदान शोधतेय असं दाखवत होती.

"आज शुक्रवार," पाद्री म्हणाला. "मांस चालत नाही. मग मलाही हात लावू दे, नाहीतर मला वाटा कोण देणार?" आणि त्याने बाह्या सारल्या.

"थांबा," मेनिन ओरडला. तो दोर सोडून वर आला होता. "पाद्रीबाब, तुम्ही लावा, पण मला सांगा, हा काय रापणीचा दोर आहे? हा कपडे वाळत घालायचा दोर. हे बैलाचं दावं. याला हात लावला म्हणजे रापणीला हात लावला कसा? असं असेल तर उद्या मडगावातून कुणी दोरी बांधून पाठवील आणि म्हणेल, माझा वाटा टपालाने धाडा."

दोघंतिघं हसले, पण एकदोघांनी मानाही हलवल्या. मेनिनचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. रोमाल्द उंचवट्यावर हाताची घडी घालून उभा होता. कुणाच्या बाजूने व्हावं, हे त्यालाच कळत नव्हतं.

"मेनिन," सोप्यावरून आवाज आला. बसलेला आवाज आता पूर्ण उठला होता. "मागच्या वर्षी तो टोमॅटोसारखा लाल पाव्हणा आला होता ना, अर्ध्या चड्डीतला? त्याने फोटो काढेपर्यंत दोराला हात लावला. त्याला तू दोन बांगडे दिलेस. तो तुझ्या आत्याचा मुलगा होता काय?"

"तो पाव्हणा होता."

"तो मोजला, आणि सत्तर वर्षं ओढतेय ती मी नाही?"

"मी नाही कुठे म्हणतो? मी म्हणतो दोर..."

"ओढा," कायतान म्हणाला. "जाळं बुडतंय, आणि तुम्ही कोर्ट भरवलंय. वाट्याच्या वेळी बघू."

त्या दिवशी समुद्र जड होता. शेजारच्या गावी फेस्त, चर्चची जत्रा, असल्याने माणसंही कमी. दोर ओढता ओढता परत समुद्राकडे सरकायला लागला. कायतानने उंचवट्याकडे बघून हाक मारली, "रोमाल्द, विलायतेच्या साहेबा, हातांची घडी मोड जरा."

रोमाल्दने बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि सरळ पाण्यात शिरला, कारण गाव सोडताना त्याची जागा पाण्यात होती. त्याला ती अजून तिथेच ठेवलेली वाटली. थोड्या वेळाने मी बघतो तर तो ओल्या वाळूवर आला होता. मग कोरड्या वाळूवर, तोंड उघडं टाकून. माझ्या बाजूने जाताना त्याला बोलता येत नव्हतं. जे अंतर सरकायला गावातल्या माणसाला जन्म लागतो, ते त्याने एका रापणीत संपवलं. शेवटी तो मायच्या पायरीवर येऊन धपकन बसला आणि दोराची गुंडाळी करू लागला, निदान दोराला हात तरी राहील म्हणून.

"गोल घाल," कितेरीमाय म्हणाली. "बापासारखा गुंता नको करू."

"घालतोय."

"पीळ येतोय. सोड. माझ्याकडे बघ आणि घाल."

ती गुंडाळत होती आणि तो बघत होता. कपड्यांच्या दोरीवरचे चिमटे एकेक करून काढून तिने त्याच्या खिशात टाकले. दावं आलं, विहिरीचा दोर आला, घंटेचा दोर आला, आणि त्याच्यामागे, ओला, वाळू लागलेला, रापणीचा असली दोर उंचवट्यावरून सरपटत अंगणात आला. तो तिच्या हाताला लागला. तिने तो अंगठ्याने एकदा चोळला.

जाळं वाळूला लागलं. आत काय होतं ते सांगायला मला शरम वाटते. जेली माशांचा चिखल, थोडी तारली, मोजके बांगडे आणि एक प्लास्टिकची खुर्ची, तीही तीन पायांची. 

कायतान वाटे घालायला बसला. या वेळी तो पुटपुटला नाही. एकेका माणसाच्या तोंडाकडे बघून ढीग घालत गेला. सगळ्यांचे घालून झाले आणि तो थांबला. थोडे मासे टोपलीत बाजूला होते. मेनिन त्याच्याकडे बघत होता. पायरीवरून उठून उंचवट्यावर आलेला रोमाल्द बघत होता.

कायतान उठला. जाळ्यापाशी जिथे दोर सुरू होतो तिथे त्याने हात लावला आणि दोरावरून हात न काढता चालायला लागला. ओली वाळू, कोरडी वाळू, माड, उंचवटा, वाट. सगळे त्याच्यामागून. दोर सुटू नये म्हणून पाद्रीने वाट अडवून एका स्कूटरवाल्याला थांबवलं. अंगणात गुंडाळी होती. कायतान खाली बसला आणि वेढ्यावेढ्याने हात फिरवत, प्रत्येक गाठ चाचपत खांबापर्यंत आला. खांबापाशी कितेरीमायचा हात होता. त्यावर त्याने आपला हात ठेवला.

"कुठे तुटलाय काय, मेनिन?"

"नाही," मेनिन म्हणाला.

"तुटला नाही तर एकच. कशाचा का असेना."

मेनिनने शेवटची गाठ एकदा ओढून बघितली. मग स्वतःच खाली गेला आणि हातात धरून मासे घेऊन आला. दोन बांगडे आणि मूठभर तारली. "माय, तुझा वाटा."

तिने ते ताटलीत घेतले, उलटे करून बघितले. "कमी आहेत."

"शेपटाला कमीच असतो."

"आज शेपूट सगळ्यात लांब होतं."

मेनिनने रोमाल्दकडे बघितलं, रोमाल्दने माझ्याकडे, मी पाद्रीकडे. पाद्री आपल्या वाट्यातला एक बांगडा उचलून देणार होता, पण तिने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्याने तो पटकन परत ठेवला.

दुपारी रोमाल्दने तेच दोन बांगडे खाल्ले, रवा लावून तव्यावर भाजलेले. आसिलचं नाव त्याने काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मडगावला जाऊन नवा दोर तेवढा घेऊन आला, चांगला जाड, कारण पाद्रीला घंटा वाजवायची होती आणि जुआकिनी दर तासाला पोहऱ्याबद्दल विचारत होती. जाताना विमानतळाच्या गाडीत बसून त्याने काच खाली केली. "माय, एकटी विहिरीवर जाऊ नकोस."

"तू एकटा विलायतेला जातोस, मी काही म्हणते?"

गाडी गेली. ती बराच वेळ वाटेकडे बघत होती. मग मला म्हणाली, "बारीक झालाय. तिथे शेपूट नसणार."

त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. नवा दोर खांबाला कायमचा आहे. रोज सकाळी होडी सुटायच्या आधी कायतान खालून त्याला एक हिसका देतो. वरून उलटा हिसका आला की मगच वल्हं पाण्यात पडतं. हे कुणी ठरवलं नाही, अशीच रीत पडून गेली. पुढे वाटेपलीकडचा बोस्त्यांव, ज्याचे दोन्ही गुडघे गेलेत, त्याने आपल्या खिडकीतून दोर न्यायची मागणी केली. मग त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्या बहिणी. मेनिन हल्ली कुरकुरतो, की पुढे पाण्यात ओढायला कुणी नाही आणि मागे सोप्या-सोप्यांवर सगळं गाव बसलंय. तरी गाठी तोच बांधतो. दुसऱ्याची गाठ त्याला पसंत पडत नाही.

परवा सकाळी कायतानने हिसका दिला आणि वरून उत्तर आलं नाही. पुन्हा दिला. नाही. वल्ही टाकून माणसं उंचवट्यावरून धावत सुटली. जुआकिनी पदर खोचून सगळ्यांच्या पुढे, हातात काठी घेऊन, काठी कशाला ते तिलाही ठाऊक नव्हतं. मी अर्धी दाढी केलेला बाहेर आलो.

कितेरीमाय सोप्यावर बसून पावाचा तुकडा कॉफीत बुडवत होती. धापा टाकणारं गाव बघून तिने पेला खाली ठेवला.

"काय रे? कोण मेलं?"

"हिसका का नाही दिलास?" कायतान म्हणाला.

"कॉफी गरम होती. मी काय घंटा आहे, तू ओढलंस की वाजायला?" तिने पाव तोंडात टाकला, नीट चावला, गिळला. मग डाव्या हाताने दोराला असा एक हिसका दिला, की खाली वाळूवर ठेवलेली टोपली उलटी झाली.

"आता जा," ती म्हणाली. "भरती चाललीय. आणि आज वाटा नीट घाला."